पदराच्या गाठीतलं मीठ

आत्याबाई, तुम्ही गेलात त्याला यंदाच्या शिमग्याला बारा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांनी सून तुम्हाला जाब विचारायला बसली आहे. तुम्ही होतात तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आता येतं, वेडंवाकडं. त्याचं असं झालं की माझ्या लेकाचं मुंबईहून पत्र यायचं ते टपालवाला वाचून दाखवायचा, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आईची फार आठवण येते' असं असायचं. माझ्या लेकाच्या तोंडून असलं कधी निघालेलं नाही. मला संशय आला. नात शाळेत जायला लागल्यावर एक पत्र मी तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, तर ती ओळ कुठेच नाही. टपालवाला पदरचं घालत होता, म्हातारीला बरं वाटावं म्हणून. त्याच दिवशी नातीची पाटी ओढून घेतली आणि अ आ गिरवायला बसले. गोड बोलणं ऐकलं की आधी त्याच्या मागे काय आहे ते बघायचं, ही खोड मला तुमच्यामुळे लागली.

आपल्या चार वाड्यांत सुईण तुम्हीच. मी पाठीमागून बाईला धरायची, तुम्ही पुढे बसायच्यात. घरात तुमचा आवाज कोयत्यासारखा, आणि तिथे गेलात की तोच आवाज साईसारखा मऊ व्हायचा. "आलंच हो बाय, डोकं दिसलं, आता एकच कळ." मी मान वाकडी करून बघायची, तर डोक्याचा पत्ता नसायचा. तुमची ती एकच कळ सकाळपासून दुपारपर्यंत पुरायची. एकदा घरी येताना मी विचारलं, असं खोटं कशाला सांगता? तुम्ही म्हणालात, "खरं सांगून ती उठून जाणार कुठं हाय? उगा दमून बसंल." तेव्हा मला पटलं ते एवढंच, की तुमचा मऊ आवाज म्हणजे खोटं. खरं हवं असेल तर चुलीपाशी बसावं. तिथे तुम्ही माझी भाकरी उचलून उजेडाला धरायच्यात आणि विचारायच्यात, ही खायला केली आहेस की घरावर कौल म्हणून चढवायला. वीस वर्षांत माझी एकही भाकरी तुम्हाला पसंत पडली नाही. त्याचं मला काही वाटत नसे. निदान तिथे कुठे उभं आहोत ते कळायचं.

मग ती पायाळू पोर. भात कापणीचे दिवस, टळटळीत दुपार, वहाळापलीकडची वाडी. तुमचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, पण पेजेचं भांडं उतरवताना मी रोज बघत होते. पोर पायांनी येतंय हे दिसल्यावर तुम्ही मागे सरकलात आणि म्हणालात, "तू घे." मी घेतलं. कसं घेतलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही, हातांनीच काय ते केलं. पोरगी निळी होऊन आली, मग रडली. येताना वहाळावर तुम्ही पाय धुवायला थांबलात. मी पुढे उभी. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "हात चांगला हाय तुझा. माझ्यापेक्षा हलका."

बोललात ते त्या मऊ आवाजात. अडलेल्या बाईपुढे काढायच्यात त्याच. मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "आता काय काम काढलंत?" तुम्ही बोचकं उचललंत आणि चालायला लागलात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुमचं ते बोचकं, नाळ बांधायचा दोरा, एरंडेलाची बाटली, जुनेराचे तुकडे, सगळं माझ्या खुंटीला टांगलेलं. मी मनात म्हटलं, बघ, हे होतं त्या मऊपणाच्या मागे. त्यानंतर तुम्ही कुठल्या बाळंतपणाला गेला नाहीत. हाक आली की मी.

पुढचं लिहायला मला वेळ लागतोय. मी बाळंतपण करून आले की दोरीवरच्या माझ्या लुगड्याला कसलातरी वास यायला लागला. मिरचीचा, जळक्याचा. एकदा पदराच्या टोकाला बारीक गाठ सापडली, सोडून बघते तर मिठाचा खडा आणि चार मोहऱ्या. मग मी पाळत ठेवली. एका सकाळी हाक आलीय, जाते असं सांगून निघाले, आणि मागच्या मांगराच्या, गवताच्या खोपीच्या आडून परत आले. तुम्ही माझं लुगडं मांडीवर घेऊन बसला होतात, मुठीत मीठ-मिरच्या, ओठ हलताहेत. दृष्ट काढायची ती माणसाला पुढ्यात बसवून काढतात, पोराची, गाईची, नवरीची, चारचौघांत. दुसऱ्याचं कापड घेऊन, तो घरात नसताना, दार लोटून जे करतात त्याला आपल्याकडे एकच नाव आहे. मला वाटलं, बायका आता मला बोलावतात ते हिला सोसत नाही, ही माझा हात बांधतेय. मी आत आले, लुगडं तुमच्या मांडीवरून ओढलं, तुमच्या पायाशी टाकलं आणि म्हणाले, "माझ्यावर करणी करता? लाज वाटू दे."

तुम्ही ते लुगडं उचललंत, घडी घातलीत आणि खुंटीवर ठेवलंत. एवढंच. त्यानंतर आठ महिने तुम्ही जगलात. त्या आठ महिन्यांत मी तुम्हाला जेवायला वाढलं, अंग पुसलं, बोलले मात्र नाही. पाणी मागितलंत तर भांडं खाली ठेवून जायची, हातात द्यायची नाही.

आता माझी सून. तिला मी माझ्यामागे नेऊन तयार केली. चांगली तयार झाली. या पौषात पहिल्यांदा एकटी गेली आणि पोर मेलेलं आलं. दोन दिवस पोटात हललं नव्हतं, हे ती बाई नंतर म्हणाली. पण सुनेने ते मनावर घेतलं. बोचक्याला हात लावीना. हाक आली की तिचं डोकं दुखायचं. इकडे माझे हात तुमच्या वळणावर गेलेत, दोऱ्याला गाठ मारता येत नाही. आणि शेजारच्या पोरीचे दिवस भरत आलेले. पहिलटकरीण, अंगाने काडी. रत्नागिरीचा दवाखाना गाडीने गाठायचा तर दिवस मोडतो. सून गेली नाही तर कोण जाणार? हिला दोन शब्द बरे सांगायला हवेत, हे मला कळत होतं. पण जन्मभर मी घरात बरं बोलले नाही, आता बोलले तर ती विचारेल, काय काम काढलंत? आणि काम तर होतंच.

चार दिवस मी शब्द जुळवत होते. एकही तोंडातून निघेना. परवा सकाळी सून पाण्याला गेली. तिचं लुगडं दोरीवर होतं. मला काय सुचलं, मी ते मांडीवर घेतलं, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेतल्या आणि दार लोटून ओवाळून उतरवायला लागले. म्हटलं, त्या हातांना कुणाची लागली असेल ती जाऊ दे, बायकांची लागली असेल, मेल्या पोराची लागली असेल, माझी लागली असेल. मिरच्या चुलीत टाकल्या. आणि थोडं तिच्याबरोबर राहू दे म्हणून एक खडा आणि चार मोहऱ्या पदराला बांधायला लागले. गाठ बसत नव्हती. तिथे माझा हात थांबला, आत्याबाई.

डोकं वर केलं तर सून दारात उभी. कळशी कमरेला. तिचं तोंड मी ओळखलं. ते माझंच होतं.

"आत्याबाई, काय चाललंय हे?" तिने मला विचारलं.

तुमच्यासारखी घडी घालून मी लुगडं ठेवू शकले असते. मी म्हणाले, "दृष्ट काढतेय तुझ्या हातांची. चांगले आहेत म्हणून काढतेय."

ती हसली, वाईट हसली. "असं तुम्ही अडलेल्या बायांना सांगता."

"त्यांना सांगते तसं सांगायचं असतं तर तोंडात साखर धरून सांगितलं असतं," मी म्हणाले. "पोरामागची वार पडायच्या वेळी तू घाई करतेस, ती तुझी वाईट खोड आहे, आणि तुझी भाकरी मला आजही गिळवत नाही. पण हात चांगला आहे. ते पोर तू पोचायच्या आधीच गेलं होतं. मी असते तरी मेलेलंच आलं असतं."

तिने कळशी खाली ठेवली. मग विचारलं, घाई म्हणजे नेमकी कधी करते? दुपारभर आम्ही त्यावरच भांडलो.

आज सकाळी शेजारून हाक आली. तिने बोचकं काढलं, मला म्हणाली, तुम्ही येऊ नका, मध्ये मध्ये बोलता. मी नाही गेले. पडवीत बसून हे लिहिते आहे. कुडापलीकडून तिचा आवाज येतोय, अगदी मऊ, "आलंच हो बाय, डोकं दिसलं." खोटं. इतक्यात कुठलं दिसायला.

मला विचारायचं होतं की वहाळावर तुम्ही बोललात ते खरं होतं का. आता विचारत नाही. हा कागद मोहरीच्या डब्याखाली ठेवीन, सुनेला वाचता येत नाही आणि नातीचा हात तिथवर पोचत नाही. फक्त एक सांगते. त्या दिवशी वहाळावर मी तुम्हाला तोडून बोलले, ते खरं. पण नंतर महिनाभर प्रत्येक बाळंतपणावरून येताना मी वहाळावर थांबून पाय धूत होते आणि घरी येऊन तुमच्या समोर उगाच वावरत होते, पुन्हा म्हणाल म्हणून.