यांना ऐकू आलेला चेलो

४ जाने., रवि.
यांनी कानाचं मशीन पुन्हा डबीत घालून कपाटात टाकलं. म्हणे नुसती खरखर. उभा जन्म सुरतेत उधन्याला, कापडाच्या लूमच्या खात्यात गेला, त्या धडधडीनं कान नेले. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, जाडे थोडे शिल्लक आहेत. माझा आवाज जन्माचा बारीक. म्हणजे नेमकी मीच गेले! ओठ वाचतात, पण पाठ वळली की संपलं. हल्ली बोलणंही सोडलंय. मला फार एकटं वाटतं, इथे तरी लिहिते.

८ जाने., गुरु.
लेक उज्ज्वला आली. तिच्या ऑफिसच्या हॉलमध्ये रविवारी परदेशातल्या एका जुन्या मैफलीची फिल्म दाखवणार आहेत. पप्पांना घेऊन ये म्हणते. मी म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता. बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे माझ्या ओठांकडेच बघत होते. हसले. म्हणजे आता जाणं आलं.

११ जाने., रवि. संध्याकाळ
आल्या आल्या लिहायला बसले.
काळी-पांढरी फिल्म. कोटातली एवढी माणसं, प्रत्येकाजवळ वाद्य, आणि मधे एक बाई, गुडघ्यांत भलंमोठं व्हायोलिन धरून. त्याला चेलो म्हणतात, उज्ज्वलानं सांगितलं. समोर एक म्हातारा नुसती काडी हलवतो, स्वतः काही वाजवत नाही. यांनी मला कोपरानं ढोसलं, अहिराणीत म्हणाले, "हाऊ मुकादम शे."

मग त्या बाईनं गज ओढला. आई गं! कुणी छातीत हात घालून आतलं जुनं दुःख हळूच वर काढावं तसं. शंभर वर्षांहून जुनी रचना म्हणे, आणि वाजवणारेही बहुतेक गेलेले. तरी ती डोळे मिटून आत्ता, माझ्यासमोर... शब्द एक नाही, आणि मला सगळं कळत होतं. अंगावर काटा. यांच्याकडे बघितलं तर यांचं तोंड उघडं.

एक भाग संपला, सगळे थांबले. टाळ्या नाहीत, काही नाही. हे ताडकन उभे. हात वर करून बोटांनी खूण केली, खात्यात लांबच्या कारागिराला करायचे तीच. वर मोठ्यानं, "धागा तुटना!" म्हणजे धागा तुटला; त्याशिवाय चालतं काम थांबतं का, हा यांचा हिशेब. मागचा माणूस गुजरातीत म्हणाला, "काका, बेसो ने." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताला धरून बसवलं तर म्हणतात, "आवाज बंद व्हयना ना!"

आवाज? मी ओठ हलवून विचारलं, बंद झाला हे तुम्हाला कसं कळलं?

"माले ऐकू येस," म्हणाले. "त्या बाईनं समदं माले ऐकू येस."

पुढची फिल्म दोघांनीही डोळे पुसत पाहिली.

१२ जाने., सोम.
आनंद आहे, पण त्यात खडा. उज्ज्वलानं तीच मैफल फोनवर लावून यांच्या कानाशी धरली. काही नाही. एवढ्याशा फोनमधून तसला जाडा आवाज निघत नाही म्हणाली, हॉलमधले मोठे स्पीकर लागतात. यांचा चेहरा एवढासा झाला. आणि मला, खोटं कशाला बोलू, त्या बाईचा हेवा वाटला. कुठल्या देशाची कोण, बहुधा मेलेलीसुद्धा, ती यांच्यापर्यंत पोचली. मी एका घरात, एका ताटाशी, आणि मी पोचत नाही.

१४ जाने., बुध. उत्तरायण
सगळी सोसायटी गच्चीवर, पतंग, आरडाओरडा. तेवढ्यात मी न्हाणीघराचं दार लावून आवाज खाली उतरवून पाहिला. रेडकू! माझं मलाच हसू आलं. पुन्हा काढला. छातीवर हात ठेवला तर आत थोडं थरथरलं. त्या चेलोवालीचंही असंच थरथरत असेल का?

१६ जाने., शुक्र.
दुपारी हे ओट्यावर पापडीच्या शेंगा सोलत बसलेले, पाठ माझ्याकडे. मी मागे जाऊन उभी राहिले. निघेल तेवढा जाडा आवाज काढला आणि म्हटलं, "प्रभाकर."

लग्न झाल्यापासून उखाण्याबाहेर हे नाव मी कधी घेतलं नव्हतं.

यांचा हात थांबला.

ऐकू आलं, की शेंगेत अळी निघाली असेल? वळले तर नाहीत. मी तिथेच उभी, आणि पुन्हा नाव घ्यायचा धीर होईना.