बरी झाल्याची साक्ष मागे घेताना

लिहून ठेवणार: मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, सेवानिवृत्त परिचारिका, चर्चच्या मंडळीत नर्सताई म्हणून ओळखली जाणारी. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचं दडपण नाही, कोणी भरीस घातलेलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी देवाचे फारच आभार मानले होते.

१. घर. तीन खोल्या आणि मागचं न्हाणीघर माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांना. दुसरं आहे कोण? अट एकच: मला पुरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने कलम चार उपासनेत मोठ्याने वाचावं, एकही शब्द न गाळता. न वाचल्यास घर सरकारी दवाखान्याला जाईल. तो वाचेल. वाचून झाल्यावर "ताईंचा विश्वास शेवटी डळमळला" असंही म्हणेल. ते थांबवणारं कलम वकिलांना सुचलं नाही.

२. भांडीकुंडी, कपाट आणि लोखंडी खाट भावजयीला. पट्ट्या उकळायचा माझा स्टीलचा डबा तिने न विचारता पिठाला नेला, त्याला अकरा वर्षं झाली. तो तिलाच राहू दे. पीठ तरी जंतूंपासून सुरक्षित आहे.

३. रक्तदाबाचं यंत्र, कात्र्या, चिमटे डॉक्टरीणबाईंना. बँकेतली शिल्लकही त्यांच्याच ताब्यात द्यावी, ती कलम पाचमधल्या शिंपीणबाईंच्या उपचारांसाठी. शिंपीणबाई ती घेणार नाहीत. तरी वर्षभर ठेवावी.

४. साक्ष. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ आली. धाकट्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी मला ती लहान लागली. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाठी चाचपलेली माझी बोटं, त्यांनीच मला फसवलं. रविवारी उभी राहून मी सांगितलं, प्रभूने मला बरं केलं. खुद्द नर्सच सांगतेय म्हटल्यावर शंका कोण घेणार? पंधरा दिवसांत कळलं, गाठ आहे तेवढीच आहे. पण आमच्या मंडळीत बरं झाल्याची साक्ष दिलेल्या माणसाला पुन्हा आजारी पडायची सोय नाही. तसं करणं म्हणजे प्रभूलाच खोटं पाडणं. धाकटा म्हणाला, "ताई, जरा कळ काढ. तुझ्याकडे बघून लोक टिकून आहेत." मी कळ काढली. आता जखम उघडी आहे. पट्टी मीच बदलते. वास येऊ नये म्हणून शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसते. लोक त्याला नम्रता म्हणतात.

मी बरी झालेले नाही. कधीच झाले नव्हते. देवावर राग नाही असं लिहायची पद्धत आहे. माझा आहे.

५. शिंपीणबाई. वय बेचाळीस, नवरा नाही, पदरात दोन मुली. माझी साक्ष ऐकून यांनी ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. तेव्हा त्यांची गाठ वाटाण्याएवढी होती. मी त्यांच्याकडे दोनदा गेले. पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "नर्सताई, सैतान तुमची परीक्षा बघतोय. मी तुमच्यासाठी उपास धरते." मी पदर बाजूला करायला गेले तर तोंड फिरवून म्हणाल्या, "दाखवू नका हो. बघितलं की मी खचेन, आणि पोरींना माझ्याशिवाय कोण आहे?" निघताना मला मिठी मारली, तेव्हा त्यांच्या काखेत जे लागायला नको होतं ते माझ्या हाताला लागलं. दुसऱ्यांदा गेले तर दार उघडलं नाही. आत मशीन चालू होतं.

६. मंडळीतली बाई गेली की तिला अंघोळ घालून शेवटचे कपडे शिंपीणबाईच घालतात. ही सेवा त्या दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. मलाही त्यांनीच घालावेत. माझी पट्टी आधी कोणी काढू नये, अत्तर शिंपडू नये, भावजयीने तर खोलीत पाऊलच टाकू नये. उजेड भरपूर असावा. पट्टी चिकटलेली असेल, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कोमट पाणी जवळ ठेवावं. शिंपीणबाईंनी मला शिव्या घातल्या तर त्यांना अडवू नये.

उशीर झालेला असेल, हे मला कळतं. मी नर्स आहे. त्यांचा जीव वाचेल म्हणून हे लिहीत नाही. पण माझी जखम बघितल्यावर निदान दुखणं कमी करायची गोळी तरी घेतील. मी ती तीन वर्षं घेतलेली नाही.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, त्यात काही बदलायचं नाही.

(सही) नर्सताई

आमच्यासमोर सही केली:
१. वकिलांचे कारकून (सही)
२. चर्चचे राखणदार (अंगठा)

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०१९, शनिवार