डेट्रॉइटचा पिवळा खडू

बुकित पंजांग, सिंगापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मनोहरकाकांस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचल्याचं मीनलताईनं कळवलं. कानाला यंत्र लावायचं नाही असा तुमचा हट्ट, आणि फोनवर ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र. ताई प्रिंट काढून देईल.

काका, एक गोष्ट सरळच विचारतो. आज बुकित तिमाहला कोहसाहेबांच्या बंगल्यावर त्यांची डॉज गाडी बघायला गेलो होतो. बॉनेट उघडलं आणि बघतो तर काय! इंजिनामागच्या पत्र्यावर पिवळ्या मेणखडूनं लिहिलेला ४१७ हा आकडा आणि शेजारची बरोबरची खूण, दोन्ही गायब. पत्रा लख्ख! खंडेनवमीला मी झेंडूची फुलं आणायला लिटल इंडियाला गेलो, तेव्हा गाडीपाशी तुम्हीच एकटे होतात. तुम्ही पुसलंत का?

तुम्हाला गाडी दाखवताना मी बडबडत होतो आणि तुम्ही मान डोलावत होतात, पण ऐकू काही गेलं नसणार. म्हणून पुन्हा लिहितो. कोहसाहेब बँकेतले माझे जुने साहेब. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी ही जांभळी चॅलेंजर घेतली, १९७० सालची. इकडे आणली, पण स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे इथल्या रस्त्यावर ती कधी उतरलीच नाही. मीटरवर फक्त चार हजार शंभर मैल. टायर, वायरी, पट्टे, एअर फिल्टरवरचा कागदी स्टिकर, सगळं कारखान्यातलं. तो आकडासुद्धा डेट्रॉइटच्या कुणा कामगारानं गाडी तपासताना स्वतःच्या हातानं लिहिलेला.

साहेब डिसेंबरमध्ये कायमचे पर्थला लेकीकडे चाललेत. गाडी आहे तशी सांभाळणारा माणूस मिळाला तर ती बंगल्यातच राहील आणि किल्ली त्याच्याकडे. नाहीतर एक डीलर टपलेलाच आहे. तो ती खरवडून, रंगवून, चकाचक करून विकणार. किल्ली मला मिळावी म्हणून मी दोन वर्षं दर रविवारी तिथे जातोय, हे सविताला विचारा, ती वैतागून सांगेल. साहेब सध्या तिकडेच गेलेत, एक नोव्हेंबरला परततील. त्याआधी मला खरं काय ते कळू द्या.

काकूंना नमस्कार. राग मानू नका, माया आहे तेवढीच राहू द्या.

आपला,
प्रताप


पुणे
१५ ऑक्टोबर

चि. प्रतापास,
अ. उ. आ.

पुसलं. मीच पुसलं. खोटं कशाला बोलू?

अरे, खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं आधी स्वच्छ पुसायची आणि मग पूजा करायची. नाना पेठेतल्या गॅरेजात चाळीस वर्षं हेच केलं. मळक्या इंजिनाला हळदकुंकू वाहू? मला वाटलं, कुठल्या तरी आळशी मेकॅनिकनं खरडून ठेवलंय. तिथे रॉकेल नव्हतं, म्हणून निरांजनाचं तूप फडक्याला लावलं. झटक्यात निघालं बघ. तू फुलं घेऊन आलास तेव्हा मी खूश होतो आणि तू आपला ऊन लागतंय म्हणून मला घरी न्यायच्या घाईत. बॉनेट काही उघडलं नाहीस.

पण तू हातपाय गाळू नकोस. तुझ्याकडे आकड्याचा फोटो असेलच. मेणखडू मी आणतो आणि दोन दिवसांसाठी परत येतो. ४१७ तसाच्या तसा काढून देतो, वरून जुना दिसेल असा हातही फिरवतो. ठोकलेल्या गाड्या मी अशा करून दिल्यात की मालकालासुद्धा ठोकर कुठे होती ते सापडायचं नाही. कुणाच्या बापाला कळणार नाही! तिकीट काढू का ते कळव.

सविताला आणि आमच्या गार्गीबाईंना आशीर्वाद. म्हाताऱ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस.

तुझा,
मनोहरकाका


बुकित पंजांग
१९ ऑक्टोबर

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तिकीट काढू नका.

फोटो आहे माझ्याकडे. तुमच्या हातून आकडा हुबेहूब येईल याची मला शंभर टक्के खात्री आहे, आणि म्हणूनच नको. आत्ता गाडीतली एक खूण गेलेली आहे. तुम्ही ती पुन्हा लिहिलीत की गाडीत एक खोटी गोष्ट येईल. मग बाकी सगळं खरं आहे हे मी कुठल्या तोंडानं सांगू? गंजाचा ठिपका चालतो, फाटलेली शिवण चालते. बनावट चालत नाही.

सविता म्हणाली, किल्ली गेली म्हणून समज. गार्गी इथल्या पोरांच्या थाटात म्हणाली, "बाबा, just tell him lah." चौदा वर्षांची पोर, पण तिचंच बरोबर आहे. दोन तारखेच्या रविवारी मी साहेबांना सगळं सांगणार. तुमचं नाव घेणार नाही. तुम्हाला तिथे एकटं सोडून गेलो ती चूक माझी. दोन रात्री झोप नाही हे खरं, पण ठरलं ते ठरलं.

दिवाळीचा चिवडा मिळाला, निम्मा संपलासुद्धा. मला समजून घ्या, एवढंच मागणं.

आपला,
प्रताप


पुणे
२२ ऑक्टोबर, पाडवा

चि. प्रतापास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस धुसफुसत होतो. काकू म्हणाली, पोरगं खरं बोलतंय तर जेवणावर राग कशाला? मग जेवलो.

माझं नाव घेणार नाहीस म्हणजे काय? मी काय कुक्कुलं बाळ आहे? पुसलं मी, सांगणारही मीच. मला इंग्रजी येत नाही, म्हणून साहेबांना मराठीतच लिहिलंय. मीनल त्या कागदाचा फोटो काढून सोबत पाठवतेय. तू त्याचं इंग्रजी कर, पण शहाणपणानं गोड करू नकोस.

"रा. रा. कोहसाहेब यांस, मनोहर दिनकर ताम्हाणे, धंदा डेंटिंग-पेंटिंग, राहणार नाना पेठ, पुणे, याचा नमस्कार. आपल्या गाडीतला आकडा मी पुसला. पुतण्याला माहीत नव्हतं. मी घाण समजलो. परत लिहून देतो म्हणालो, तर पुतण्यानं नको सांगितलं. त्याचं बरोबर. मला वाईट वाटतं. गाडी फार चांगली ठेवलीत."

बस, एवढंच. आता साहेबाला सामोरा जा. मी पाठीशी आहे असं समज.

तुझा,
मनोहरकाका


बुकित पंजांग
३ नोव्हेंबर

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. आधी बोललो, मगच बॉनेट उघडलं. साहेबांनी टॉर्च मागितला, चष्मा बदलला आणि वाकून तो कोरा पत्रा तपासला. मग इतके चिडले की मला वाटलं आता गेट दाखवतात. पंचावन्न वर्षं मी इथे फडकं लावलं नाही, म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं, आणि गाडीची जबाबदारी तरीही मलाच हवी आहे हेही सांगितलं.

मग तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं, म्हणजे मीनलताईच्या फोटोचा प्रिंट आणि सोबत माझं इंग्रजी. ते त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, ज्यानं आकडा लिहिला त्याचं नाव मला कधीच कळलं नाही, आणि ज्यानं पुसला त्यानं नाव, धंदा, पत्ता सगळं कळवलं.

काका, किल्ली माझ्याकडे आहे! डीलरला त्यांनी माझ्यासमोर फोन करून नाही सांगितलं.

पण एक अट घातलीय. गाडीच्या फाइलमध्ये कारखान्याचे कागद आहेत, तिथे तुमचं पत्र कायमचं राहणार. प्रिंट त्यांनी मला परत दिला. ओरिजिनल पाहिजे म्हणाले. तर कागद कुरिअरनं धाडा. आणि हात जोडतो, चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून काढू नका.

लोभ आहेच, तो मी आता हक्कानं मागतो.

आपला,
प्रताप


पुणे
७ नोव्हेंबर

चि. प्रतापास,
अ. उ. आ.

तू नको म्हणालास तरी साहेबांचं पत्र मी पुन्हा लिहायलाच बसलो होतो. 'पुतण्याला' तीनदा खोडलंय रे, लाज वाटते. नवा कागद फाडून टाकला. जुना आज कुरिअरला दिला, खाडाखोडीसकट.

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं म्हणजे आपला हात कुठे दिसता कामा नये. चाळीस वर्षं मी तेच केलं. हजारो गाड्या गेल्या हाताखालून, एकीवरही मी उरलो नाही. काल रडू आलं मला. काकूला सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

कागद पोचला की कळव.

तुझा,
मनोहरकाका