शेवटच्या पानावरचं जहाज

अहो,

तुम्ही जहाजावर गेलात तेव्हा पाळण्यात होता ना आपला जोसाया? तो आता गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवतो! शनिवारी शाळा सुटली की एनॉकदादा लोहार त्याला भट्टीपाशी उंच पिंपावर बसवतात. वर्तमानपत्र आधी पाद्रीबुवांकडे, मग वैद्यांकडे, मग खाणावळीत आणि शेवटी आमच्याकडे. तोवर बातमी चांगलीच शिळी होते, पण आम्हाला ताजीच.

मास्तरांची ताकीद आहे, वाचायचं ते पहिल्या ओळीपासून. कार्टं एक शब्द गाळत नाही! आज एनॉकदादा ओरडले, "अरे, ती हरवलेली घोडी गेली खड्ड्यात! जहाजांचं वाच!" हा ढिम्म. घोडी झाली, टकलावरचं औषध झालं, मी आपली एप्रनचं टोक चावतेय. आणि शेवटच्या पानावर, अगदी तळाला, तुमचं 'स्वॅलो' जहाज पोर्ट्समथ बंदराला सुखरूप लागल्याचं निघालं! एनॉकदादांनी पोराला खांद्यावर घेऊन नाचवलं. खाणावळवालीनं फुकट बिअर पाजली, त्या चिक्कू बाईनं!

म्हणून पोर्ट्समथच्या पत्त्यावर लिहितेय. तिथे रेंगाळू नका, लगेच निघा.

थांबा, कुत्रं भुंकतंय. फाटकाशी कोणीतरी आहे, आणि ती डुलत चालायची ढब...

अगं बाई! बातमी शिळी होती, हे विसरलेच की मी!

जोसाया तुम्हालाच विचारतोय, "कोण हवंय आपल्याला?"

आता हे टपालात कशाला टाकू? तोच वाचून दाखवेल तुम्हाला. पहिल्या ओळीपासून.

दाराकडे धावत सुटलेली,
केझाया