माझ्या हातचा शेरा

२ मार्च

आज माझंच अक्षर मला एका परक्या मुलीने दाखवलं.

समितीच्या कचेरीत एक तरुण वकीलबाई आली. मानवी हक्क समितीची मी अध्यक्ष, तक्रारी रोजच्याच. ही एका शिंपिणीची केस घेऊन आली होती. चार वर्षं तुरुंगात, खटला उभाच राहिलेला नाही. त्यातली दोन वर्षं महिला बराकीमागच्या अंधाऱ्या खोलीत. शिंपिणीने अर्ज केला, तर तुरुंगाचं उत्तर आलं — अशी खोलीच नाही. पुरावा म्हणून पाहुण्यांच्या शेरेवहीतलं एक पान जोडलेलं. ‘स्वच्छता वाखाणण्याजोगी. सर्व महिला समाधानी दिसल्या.’ खाली माझी सही!

वकीलबाई मान वर करेना. मीही नाही केली.

३ मार्च

सगळं आठवतंय. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्याकडे तुरुंगखातं नवीनच आलं होतं. मंत्र्याची बायको म्हणून मी हौसेने बघायला गेले. फुलं, चहा, कैदी बायकांचं समूहगान. निघताना कारकुनाने वही पुढे केली. आधीच्या पाहुण्यांचा शेरा वरच होता, तोच जरा फिरवून उतरवला. सगळेच तसं करतात म्हणे. शाळेत कधी शेजारणीचं बघून लिहिलं नाही, ते पन्नाशीत केलं! आणि गावभर हक्कांवर भाषणं देत फिरते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

५ मार्च

न कळवता तुरुंगात गेले. अधिकारी हसून म्हणाला, “बाईसाहेब, मागे नुसतं कोठार आहे.” म्हटलं, कोठार बघते. किल्ली सापडेना. मी स्टूल मागवून दारातच ठाण मांडलं. पाऊण तासाने सापडली.

आत अकरा बायका. खिडकीवर पत्रा ठोकलेला. दार उघडताच सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. शिंपीण कोपऱ्यात होती. सुई देत नाहीत, म्हणून चादरीचे धागे बोटांनीच ओवत बसलेली.

“तुम्हीच का समाधानीबाई?” तिने विचारलं. अर्जाचं उत्तर तिला वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून माझं तिथे हेच नाव पडलंय. “रागावू नका. फारच जीव कंटाळला की आम्ही तुमचा शेरा पाठ म्हणतो. तेवढंच हसू येतं.”

मला रडू आलं. तिने सरकून मला बसायला जागा दिली.

६ मार्च

सुनावणी चौदाला. शेरा खोटा होता असं प्रतिज्ञापत्र मी दिलं, तर अकराही जणी त्या खोलीतून बाहेर येतील, असं वकीलबाई म्हणते. एकट्या शिंपिणीचं कोण ऐकणार?

ह्यांची निवडणूक पुढच्या महिन्यात.

९ मार्च

पक्षाचे सरचिटणीस ऐन जेवायच्या वेळी टपकले. “वहिनी, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. महिनाभर थांबा.” म्हटलं, तुम्ही महिनाभर त्या खोलीत राहून या, मग थांबते. सासूबाईंनी त्यांच्यापुढे ताट सरकवलं. “जेवा हो तुम्ही. ती लग्नाआधीपासून अशीच आहे. आम्ही बघूनच करून घेतली.” पंच्याऐंशी वर्षांची बाई, पण जिभेची धार तशीच.

हे मात्र अवाक्षर बोलले नाहीत. सरचिटणीसांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

११ मार्च

प्रतिज्ञापत्र लिहिलं. पहिली दोन पानं फाडली, नुसती कारणं होती. उरलं ते एवढंच — मी मागची खोली पाहिली नाही, मागे काय आहे ते विचारलं नाही, शेरा दुसऱ्याचा बघून लिहिला. लाज वाटली. पण आज जेवण गेलं.

१२ मार्च

हे अजून अबोल. जुन्या फायली मागवतात आणि दार लावून बसतात. सासूबाई म्हणतात, “रुसलाय. भूक लागली की येईल बाहेर.” मला तसं वाटत नाही. तीस वर्षांत ह्यांना भीती वाटलेली पाहिली नव्हती, ती आता दिसतेय.

१३ मार्च

वकीलबाईने शिंपिणीला निरोप दिला, उद्या समाधानीबाई कोर्टात येतेय. शिंपीण म्हणाली, “मग मी वेणी घालून येते.”

१४ मार्च, सकाळ

निघतच होते. ह्यांनी माझ्यापुढे एक हुकूम ठेवला. ‘मंत्रिमहोदयांच्या पत्नींच्या भेटीसाठी बराकीतली गर्दी कमी करावी. अकरा महिला कैद्यांना तात्पुरते मागच्या कोठारात हलवावे.’ तारीख माझ्या भेटीच्या आदल्या दिवशीची. सही ह्यांची.

“न वाचता केली,” म्हणाले. “हाही जोड.”

जोडला. आता हे बूट घालतायत. साक्षीला येणार आहेत.