दिवसाला एक ओळ

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो. जमिनीवर घातला तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात मी एकटा.) तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालतो, कारण तू कधी कळवत नाहीस. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला का? काढला नसेल तर हे पत्र तुझी नातच वाचून दाखवत असणार. तिला अनेक आशीर्वाद, आणि कंसातला मजकूर तिने गाळू नये अशी विनंती. माझं खरं बोलणं कंसातच असतं.

पत्रास कारण की, आपली शाळा शंभर वर्षांची झाली. आपली म्हणजे नन्सची ती मुलींची शाळा, जिथे तू नववीपर्यंत शिकलीस आणि मी चौतीस वर्षं भाषा शिकवली. आताच्या मुख्याध्यापिका सिस्टर माझ्याच विद्यार्थिनी. (वृत्तं कधी जमली नाहीत, म्हणून देवाकडे गेल्या.) त्या घरी येऊन म्हणाल्या, "सर, शाळेचा इतिहास तुम्हीच लिहायचा." सत्त्याहत्तराव्या वर्षी कोणी 'तुम्हीच' म्हटलं की माणूस विरघळतो. मी आठ महिने खपलो, तीनशे बारा पानं लिहिली, प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर स्वतःच्या चार ओळी घातल्या. तीन नन्स बोटीतून उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ तीन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि एक घंटा होती, इथून सुरुवात. कबूल केलेलं घर भलत्यालाच दिलं गेलं होतं, म्हणून शाळा भरली मिठाच्या गोदामात. पहिल्या दिवशी सात मुली आल्या. त्यांतल्या दोघी शिकायला नव्हे, हरवलेली शेळी शोधत आल्या होत्या. मदरनी त्यांनाही बसवून घेतलं. (शेळीलाही. ती तिथेच होती, भिंत चाटत.) भिंतींना इतकं मीठ सुटायचं की मुलीही चोरून पाट्या चाटायच्या. त्या गोदामातून दहा वर्षांनी पहिली डॉक्टर निघाली.

पण महोत्सव समितीच्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. माजी विद्यार्थिनी, माझ्याच हाताखालून गेलेली, आणि उपटणं हाच तिचा धंदा. तिने आधी माझ्या कविता उपटल्या, मग गोदाम, मग शेळी. तीनशे बारा पानांची चार पानं झाली. म्हणते कशी, "सर, लोक आता वाचत नाहीत, बघतात." म्हणून जिथे गोदाम होतं तिथे नव्या इमारतीचा रंगीत फोटो, आणि खाली माझ्या नावावर तीन वाक्यं: शाळा स्थापन झाली, शाळा वाढली, शाळेची भरभराट झाली. हे तर कुठल्याही पतपेढीबद्दल लिहिता येईल! मी तसं म्हटलं. तिने मला तोंड उघडायला सांगितलं आणि म्हणाली, डावीकडची दाढ दाखवून घ्या.

इतिहासाचं साधन म्हणून सिस्टरनी मला एका कपाटाची चावी दिली होती. प्रार्थनाघराच्या शेजारी ते कपाट, आत शंभर वर्षांच्या दिनवह्या. पहिल्या मदरचा नियम असा, की दिवसाला एक ओळ लिहायची आणि विशेषण वापरायचं नाही. विशेषण हा अहंकार आहे, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. (अशा घरात मी चौतीस वर्षं कविता शिकवली, ताई. माशाने वाळवंटात पोहण्याचा वर्ग काढावा तसं.) आता तुझ्यापासून काय लपवायचं, मी त्या वह्यांत आधी शाळेला शोधलं नाही, स्वतःला शोधलं. चौतीस वर्षांत मी पाच वेळा आहे. "भाषेचे मास्तर रुजू झाले. छत्री विसरले." दुसऱ्या दिवशी: "मास्तरांनी छत्री नेली. ती त्यांची नव्हती." मग एकदम अकरा वर्षांनी गोवराची सुट्टी, आणखी एकदा छत्री, आणि शेवटी: "मास्तर निवृत्त झाले. केक पुरला." तुला सांगितलं होतं ना, एकदा विरहाची कविता शिकवताना सबंध दहावी रडली होती, आणि दारात उभ्या असलेल्या शिपाईबाईसुद्धा? ती तारीख मला पाठ आहे. मी पान उलटलं. त्या दिवशीची ओळ: "पाण्याची टाकी धुतली."

तुझ्या नववीच्या वर्षाची वही मात्र वाळवीने खाल्लेली निघाली, त्यामुळे तुझ्याबद्दल काही लिहिता आलं नाही. रागावू नकोस.

एवढं सगळं कापून झाल्यावर समितीला माझी दया आली असावी. शाळेचं गीत संगमरवरात कोरून दर्शनी भिंतीवर बसवायचं ठरलंय, खाली गीतकार म्हणून माझं नाव. रोज सकाळी मुली ते म्हणतात, आणि वार्षिक अंकात ते माझ्याच नावाने छापून येतं, हे तुला ठाऊक आहे. तू या वेळी यायचंच. चौतीस स्नेहसंमेलनांना तुला बोलावलं आणि चौतीस वेळा तू गुडघ्यांचं कारण कळवलंस. (चाळिशीत कसले गुडघे ताई? त्याच गुडघ्यांनी तू तीन जिने चढून पाणी भरत होतीस.) पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, गाडी पाठवतो. घरच्या सर्वांना यथायोग्य.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. इथून पुढचं नातीकडून काढून घे. भिंग लाव, वेळ लागला तरी स्वतः वाच.

वाळवीचं खोटं आहे. वही धडधाकट आहे. त्यात लिहिलंय: "नववीतल्या मुलीने शाळेसाठी गीत रचले. प्रार्थनेनंतर म्हटले." दोन महिन्यांनी: "गीत रचणारी मुलगी आली नाही." आठवडाभर रोज तीच ओळ. मग: "मदर तिच्या घरी गेल्या. खिडकीतून भाऊ म्हणाला, घरी कोणी नाही. तो कविता पाठ करत होता."

म्हणजे त्या वह्यांत मी पाच नाही, सहा वेळा आहे. आणि ही पहिली.

बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, की आई अंथरुणाला खिळलेली, शिकायला एक पुरे, नन्स आल्या तर काय म्हणायचं. मी बारा वर्षांचा होतो हे कारण मी पासष्ट वर्षं वापरलं, आता ते झिजलंय. तू आत भांडी घासत होतीस. मदर दार वाजवत होत्या तेव्हा भांड्यांचा आवाज थांबला, तो थांबलेला मला ऐकू आला होता. मी पुढची ओळ मोठ्याने म्हटली.

गीताचं म्हणशील तर मी रुजू झालो तेव्हा जुन्या मदर गेल्या होत्या. नव्या मदरनी विचारलं, हे गीत कोणाचं, आणि भाषेचा मास्तर म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. त्यांना तो विनय वाटला.

ता. क. दुसरा. हे पाकिटात घालून तीन दिवस झाले, टाकलं नव्हतं. आज सिस्टरकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता छप्पर कोसळणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आम्हाला माहीत आहे. जुनी दिनवही आम्ही जेवताना वाचतो. रोज एक पान." म्हणजे मी कविता शिकवत होतो आणि भिंतीपलीकडे त्या सगळ्या जणी मला सुपाबरोबर वाचून मोकळ्या झाल्या होत्या! मग कधी बोलला का नाहीत? तर म्हणे, "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. शेवटी चावी दिली." कोरणाऱ्या कारागिरालाही त्यांनी खालच्या ओळीपाशी थांबवून ठेवलंय. (अध्यक्षबाई संतापल्यात, पत्रिका छापून झाल्यात म्हणून. दाढ आता दुसरीकडे दाखवावी लागणार.) तिसऱ्या कडव्यात तुझ्या मूळ शब्दाच्या जागी मी 'उज्ज्वल' घातलं होतं, तेही काढायला लावलं.

आता खरं काम. कारागीर विचारतोय, नाव कुठलं कोरू, माहेरचं की सासरचं? शाळेच्या पटावर माहेरचं आहे, पण त्या नावाने तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. आणि मीही ताईच म्हणतो. म्हटलं, थांब बाबा, तिलाच विचारतो. तुला काही विचारायची ही माझी पहिलीच वेळ. उलट टपाली कळव. यायचं नसेल तर गुडघे लिही, मी समजेन. चौतीस वेळा समजलोच होतो.

निघताना सिस्टर आजची ओळ लिहीत होत्या. मी वाकून पाहिलं. "गीत मास्तरांचे नाही, असे मास्तर म्हणाले." तेवढ्यावर समाधानाने घरी आलो. दारात पोहोचल्यावर लक्षात आलं आणि परत गेलो, तर तोवर त्यांनी ओळ पुरी केली होती:

"छत्री विसरले."