पडद्यावरचा डाग

सर, तुम्ही मला एकदाच रागावलात, पण असे की आठवलं तरी अजून कान गरम होतात. डोंबिवलीतल्या पिठाच्या गिरणीवरचा तुमचा टायपिंग क्लास. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि कागदांवर, ओढण्यांवर बारीक पीठ बसायचं. माझ्या ओळी सारख्या चुकत होत्या आणि मी वैतागून म्हटलं, "सर, मशीनच खराब आहे." तुम्ही मला उठवलंत, त्याच मशीनवर बसलात आणि कीबोर्डकडे न बघता अख्खा परिच्छेद छापलात. एक चूक नाही. "अगं, मशीन मुकं आहे म्हणून सगळं त्याच्या माथी मारायचं? आधी बसणारा माणूस तपासायचा." सगळ्या पोरी हसल्या. मी आठ दिवस क्लासला फिरकले नाही, शेवटी काकू, तुमच्या मिसेस, मला बोलवायला आमच्या घरी आल्या.

पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले आणि मी ठाण्याला वर्तकनगरजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. नव्वदचं दशक संपत आलेलं. एका दुपारी तुम्ही दुकानात शिरता, छातीशी घट्ट धरलेली पिशवी, तिच्यात भाच्याने परदेशातून पाठवलेला जुना लॅपटॉप. टायपिंगचे सगळे धडे त्यावर उतरवून तुम्हाला पुस्तक करायचं आहे. स्क्रीनवर जेमतेम सोळा रंग आणि विटेएवढाली अक्षरं. "डिस्प्लेचा ड्रायव्हर गेलाय, सर," मी म्हणते. "असं? मग क्लीनर तरी आहे का जागेवर?" तुम्ही विचारता आणि स्वतःच हसता. स्क्रीनवर चित्र कसं काढायचं हे मशीनला सांगणारा तो प्रोग्रॅम, असं मी समजावलं, फ्लॉपीवरून तो पुन्हा टाकला आणि अक्षरं बारीक, रेखीव झाली. "ही माझी विद्यार्थिनी," तुम्ही दुकानातल्या प्रत्येकाला सांगितलंत. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

महिनाभराने तुम्ही परत आलात. "पडद्यावर डाग आलाय गं, अगदी मधोमध. ओळी तिथे वाकतात." आम्ही सगळे स्क्रीन म्हणायचो, तुम्ही मात्र हट्टाने पडदा. मला डाग दिसेना. सेफ मोडमध्ये चालू करून पाहिलं, रंग बदलून पाहिले, शेवटी दुकानातला मोठा मॉनिटर जोडला. "इथेही आहे," तुम्ही म्हणालात. दोन वेगळे स्क्रीन, डाग त्याच जागी, आणि दिसतो फक्त तुम्हाला. मला तेव्हाच कळलं, सर. मशीन धडधाकट होतं. पण ज्यांनी मला आधी माणूस तपासायला शिकवलं, त्यांनाच "डोळे दाखवून घ्या" म्हणायला माझी जीभ रेटेना. आपल्याला म्हातारं ठरवतेय असं तुम्हाला वाटेल, दुकानातल्या त्या पहिल्या दिवसाचं कौतुक पुसलं जाईल, अशी भीती वाटली. "दहा मिनिटं बसा, ड्रायव्हर नव्याने टाकते," मी म्हटलं. मग लॅपटॉप तुमच्याकडे वळवला. तुम्ही मान जराशी तिरकी करून बघितलंत. "वा! आता कसं स्वच्छ दिसतंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही गेलात ते चार महिन्यांनी, तेही जिन्यात पडल्यावर. काकूंनी मला डॉक्टरांचे शब्द सांगितले: दोन्ही डोळ्यांच्या पडद्यात रक्त झिरपलंय, आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. पडदा हा शब्द मी काकूंना पुन्हा म्हणायला लावला. पुस्तक तिसऱ्या धड्यावर थांबलं. शेवटची वर्षं तुम्ही खुर्चीत बसून काढलीत, मांडीवर बोटं टाइप केल्यासारखी हलवत. मी रविवारी यायचे. आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, "हिने मशीन एकदम ठीक करून दिलेलं, माझ्या डोळ्यांनीच दगा दिला." मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात जायचे आणि ते धुवून झाले तरी नळ चालू ठेवायचे.

काकू अजून डोंबिवलीतच आहेत. हे पत्र त्यांना वाचून दाखवावं म्हणून दोनदा घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी समोर गरम थालीपीठ ठेवलं आणि मी पत्र पर्समधून न काढताच परत आणलं. "स्वच्छ दिसतंय" असं तुम्ही का म्हणालात, सर? मला वाईट वाटू नये म्हणून, की स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुमचा माझ्यावर जास्त विश्वास होता? त्या दहा मिनिटांत मी लॅपटॉप नुसता बंद करून पुन्हा चालू केला होता. ड्रायव्हर टाकलाच नव्हता.